पेपरवर नाव



शाळेत उशीर झाला की शिपाईमामा फाटकावर चौकशी करायचे, मगच वर्गात सोडायचे. प्रोग्रॅममध्ये मूळ कामाआधी अशी चौकशी करणाऱ्या फंक्शनला आम्ही मिडलवेअर म्हणतो.

जावास्क्रिप्टमध्ये खात्याची शिल्लक सांगणाऱ्या एका मेथडला मी ते जोडलं. चौकशी झाली, शिल्लक मात्र येईना. मी हाताखालच्या मुलीला रागावले. चूक माझीच होती. ऑब्जेक्टपासून सुटी करून बोलावलेली मेथड 'धिस' गमावते. आपण कोणाची, हेच तिला कळत नाही. 'अप्लाय' वापरून ऑब्जेक्ट सोबत दिला आणि शिल्लक आली. मुलीची माफी मागितली.

बाई, तेव्हा तुम्ही आठवलात. उत्तरं सगळी बरोबर, पण पेपरवर नाव नाही, म्हणून तुम्ही मला वर्गात उभं केलं होतंत.