भाषेत नवा शब्द घेताना



आपल्या बोलीत ‘बटाटा’ आला, ‘टेबल’ आले. कोणी ठराव मांडला नाही. नकोसा झालेला शब्दही आपसूक मरतो. संगणकाला कामे सांगण्याच्या भाषेत मात्र शब्द वाद घालून घ्यावा लागतो, आणि एकदा घेतला की काढणे जवळजवळ अशक्य.

गूगलमध्ये जन्मलेली ‘गो’ ही भाषा घ्या. २०१२ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली, तेव्हाच कर्त्यांनी वचन दिले की, आज लिहिलेले प्रोग्रॅम पुढेही चालतील. त्या आवृत्तीत अंगभूत फंक्शने, म्हणजे कोठून मागवावे न लागणारे तयार शब्द, अवघे १५ होते. लहान संख्या निवडणारे ‘मिन’ त्यांत नव्हते! लायब्ररीत होते, तेही केवळ दशांश-संख्यांपुरते. पूर्णांकांसाठी ज्याने त्याने आपापल्या चार ओळी लिहाव्यात. २०२२ साली एकच फंक्शन अनेक प्रकारच्या संख्यांना चालेल अशी सोय झाली, आणि वादाला तोंड फुटले. एक पक्ष म्हणे, आता ‘मिन’ लायब्ररीत घाला, भाषेवर भार कशाला? दुसरा म्हणे, रोज लागणारी वस्तू हाताशी हवी.

आम्ही पहिल्या पक्षाचे. परंतु ‘क्लिअर’ या शब्दाने आम्हांस अडविले. खतावणीसारखी नावनिशीवार नोंदवही रिकामी करणे, हे त्याचे एक काम. एकेक नोंद खोडली की झाले, असे आम्हांस वाटे. पण शून्याला शून्याने भागले असता संगणकाच्या दशांश-गणितात ‘नॅन’ नावाचे जे चमत्कारिक मूल्य निघते, ते स्वतःशीच समान नसते. त्याच्या नावे केलेली नोंद खोडायला जावे, तर ते नाव जुळतच नाही! म्हणजे वही पुरती रिकामी करण्याचे साधन वापरणाऱ्याच्या हाती नव्हतेच. ते भाषेनेच द्यावयास हवे होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये, १.२१ या आवृत्तीत, ‘क्लिअर’, ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ तिन्ही आले. ‘क्लिअर’विषयी आमची तक्रार नाही. ‘मिन’विषयी थोडी आहे. ही नावे राखीव नसल्याने ज्यांनी पूर्वी स्वतःचे ‘मिन’ लिहिले होते, त्यांचे प्रोग्रॅम बिनबोभाट चालू राहिले. वचन पाळले गेले खरे. पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचताना समोरचे ‘मिन’ भाषेचे की त्या गृहस्थाचे घरचे, हे आता आम्हांस वर जाऊन शोधावे लागते.