माओ आणि एका पत्राचे उत्तर

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



बीजिंगमध्ये तिआनमेनच्या महाद्वारावर माओ त्से तुंगचे भव्य चित्र आजही टांगलेले आहे. समोरच्या स्मारकात त्याचे शव जतन करून ठेवले आहे. ज्या पक्षाने १९७८ नंतर त्याचे अर्थकारण जवळजवळ मोडीत काढले, त्या पक्षाने चित्र मात्र उतरविले नाही. १९८१ च्या जूनमध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव करून सांस्कृतिक क्रांतीची मुख्य जबाबदारी माओवर टाकली आणि त्याच ठरावात त्याचे कर्तृत्व प्रथम, चुका दुय्यम, असेही नमूद केले. लोकांच्या तोंडी त्याचे सोपे गणित झाले : सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक. किराणा दुकानात चालणारा हा हिशेब इतिहासात चालतो काय, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडण्याची परंपरा आहे. तो पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडणे हा बौद्धिक आळस होय. तेव्हा माओच्या बाजूने जे बोलता येते ते नीट बोलले पाहिजे. अफूच्या युद्धांपासून परकीयांनी लुबाडलेला, सेनापतींनी आपापसांत वाटून घेतलेला आणि जपानने चिरडलेला चीन त्याच्या वाट्याला आला होता. हूनान प्रांतातील एका शेतकऱ्याच्या या मुलाने १९३४-३५ च्या ‘लाँग मार्च’मधून वाचलेल्या मूठभर सैन्याच्या बळावर १९४९ च्या अखेरीपर्यंत जवळजवळ संपूर्ण चीन एका सत्तेखाली आणला. १९५० च्या विवाह कायद्याने बालविवाह व रखेल ठेवण्याची प्रथा बेकायदा ठरविली. १९४९ मध्ये चाळिशीही न गाठणारे सरासरी आयुर्मान त्याच्या मृत्यूपर्यंत साठीच्या पुढे गेले. खेड्यांतून जुजबी प्रशिक्षण घेतलेले ‘अनवाणी डॉक्टर’ फिरू लागले. यांतील काहीही खोटे नाही.

मराठी मनात तर या चीनविषयी एक हळवा कोपरा आहे, आणि तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी निर्माण केलेला आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेलेले हे डॉक्टर साम्यवादी सैन्याच्या जखमींची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. माओने त्यांना स्वहस्ते श्रद्धांजली लिहिली. ती श्रद्धांजली मनापासून नव्हती असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र कोटणिसांच्या त्यागाचे पुण्य माओच्या खात्यावर जमा करण्याचेही कारण नाही.

आता उत्तरपक्ष. १९५८ मध्ये माओने ‘मोठी झेप’ जाहीर केली. पोलादाचे उत्पादन एका वर्षात दुप्पट करायचे म्हणून परसदारी भट्ट्या पेटल्या आणि घरातली भांडीकुंडी त्यांत वितळली. चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर थाळ्या बडवून चिमण्या मारण्यात आल्या. पुढे किडीने पिके खाल्ली, तेव्हा कोठे चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून ढेकणाचे घातले गेले! शेतकऱ्यांची जमीन, बैल, चूल सारे कम्युनमध्ये गेले. वरिष्ठांना खूश करण्यासाठी जो तो अधिकारी पिकाचे आकडे फुगवू लागला. १९५८ चे धान्य साडेसदतीस कोटी टन झाले अशी घोषणा झाली. प्रत्यक्षात ते सुमारे वीस कोटी टन होते. सरकारी वसुली मात्र कागदावरच्या पिकावर झाली आणि खेड्यात बियाणेही उरले नाही. त्या ऑगस्टमध्ये हेबई प्रांताच्या दौऱ्यात एवढ्या धान्याचे तुम्ही करणार तरी काय, असे माओ अधिकाऱ्यांना विचारीत होता.

पेंग देहुआई हा माओचा जुना सहकारी, कोरियातील युद्धाचा सेनापती आणि त्या वेळचा संरक्षणमंत्री. तो आपल्या हूनानमधील गावी जाऊन आला होता. त्याने रिकामी कोठारे पाहिली होती. १९५९ च्या जुलैत लुशान पर्वतावर पक्षाची बैठक भरली. सभेत बोभाटा नको म्हणून पेंगने १४ जुलैला माओला खासगी पत्र लिहिले. भाषा आदराची होती. झेपेचे यशही त्यात वर्णिलेले होते. आकडे खोटे आहेत आणि लोकांचे हाल होत आहेत, एवढेच त्याने त्यात घातले. माओने ते पत्र छापून सर्वांना वाटले. मग भर सभेत लेखकावर तुटून पडला आणि सैन्य पेंगच्या बाजूला गेले तर आपण खेड्यांत जाऊन नवे सैन्य उभारू, अशी धमकीही त्याने दिली. तिघा-चौघांखेरीज कोणी पेंगच्या पाठीशी उभे राहिले नाही. चौ एन लायही नाही. पेंग पदावरून गेला आणि देशभर ‘उजव्यां’ची धरपकड सुरू झाली. जो खरे सांगेल तो शत्रू, हे खालपर्यंत कळले.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. दुष्काळाचे सर्वांत भीषण वर्ष १९६० आहे. पत्र त्याच्या आधीचे आहे. सर्वाधिक माणसे मेली ती पत्र मिळाल्यानंतर. हेनान प्रांतातील शिनयांग जिल्ह्यात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले. सरकारी कोठारांत धान्य होते. आणि बाहेर बातमी फुटू नये म्हणून टपाल कचेऱ्यांनी लोकांची हजारो पत्रे अडवून ठेवली. यांग जिशेंग हे चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेतील ज्येष्ठ पत्रकार. त्यांचे पालक-पिता १९५९ मध्ये भुकेने गेले. तरुण यांगना ते आपल्या घरचे दुर्दैव वाटले. देशभर तेच चालले आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. पुढे अनेक वर्षे दप्तरे धुंडाळून त्यांनी मृतांचा आकडा तीन कोटी साठ लाख काढला. इतर अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. यांग यांचे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघाले. मुख्य चीनमध्ये त्यावर बंदी आहे.

अमर्त्य सेन यांच्या मतांशी या व्यासपीठाचे क्वचितच जुळते. पण मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात असा दुष्काळ पडत नाही, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. त्यांनीच दुसरेही सांगितले आहे : कुपोषण आणि अनारोग्याने भारतात दर वर्षी गाजावाजा न होता जी माणसे मरत राहिली, त्यांची बेरीज लहान नाही. हा टोला निमूटपणे सोसला पाहिजे. मेळघाटाची बातमी वाचून ज्याची मान खाली जात नाही, त्याने माओवर बोलू नये. परंतु महाराष्ट्राचा १९७२ चा दुष्काळही आठवावा. मिलो आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. वृत्तपत्रे रोज ओरडत होती, विरोधक विधिमंडळात धारेवर धरत होते, आणि त्यासाठी कोणाला पेंग देहुआई व्हावे लागले नाही. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली.

१९६२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओ चीने सात हजार कार्यकर्त्यांसमोर हूनानच्या शेतकऱ्यांचे म्हणणे मांडले : या आपत्तीत निसर्गाचा वाटा तीन, माणसाचा सात. सत्तर-तीसचे हे मूळ गणित! माओने ते विसरले नाही. सांस्कृतिक क्रांतीत लिऊ कैदेत, औषधोपचाराविना १९६९ मध्ये मेला. त्याचे दहनही खोट्या नावाने झाले. पेंगला तरुण ‘रेड गार्ड्स’नी बडवून काढले, तो १९७४ मध्ये कैदेतच गेला. शाळा बंद पडल्या, विद्यार्थ्यांनी शिक्षकांचे प्राण घेतले, कन्फ्यूशियसच्या समाधीची विटंबना झाली, तिबेटमधील मठ उद्ध्वस्त झाले. तिबेट गिळल्यावर हा शेजारी काय करील, हे सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात नेहरूंना लिहून ठेवले होते. १९६२ च्या ऑक्टोबरात ते खरे ठरले.

माओ थोर विजेता होता, हे मान्य करावे. थोर राज्यकर्ता तो नव्हता. ज्या हट्टाने त्याला लाँग मार्चमधून तारले, त्याच हट्टाने त्याने कोट्यवधी घरांच्या चुली विझविल्या, आणि विझत आहेत हे ठाऊक असताना विझविल्या. एकीकरणाची सत्तर टक्क्यांची पावती दाखवून हे खाते मिटत नाही.

आपल्याकडे १९६७ च्या नक्षलबारीनंतर चीनचा चेअरमन तोच आमचा चेअरमन, अशा घोषणा भिंतींवर रंगल्या. शहरांतील वाचनवर्गांतून लुशानचे पत्र कधी वाचले गेले नाही. किंमत गडचिरोलीच्या जंगलात मोजली गेली : ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरी येथे १७ पोलीस, १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक, आणि खबऱ्या ठरवून मारलेले कितीतरी आदिवासी. माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती याने ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. त्याआधी सशस्त्र लढा थांबवावा, असे त्याने आपल्या पक्षाला लिहून कळविले होते. पक्षाने त्याला गद्दार ठरविले.