नोकरी सांभाळून मिळवलेली पदवी



नोकरी किंवा रोजगार चालू ठेवून पहाटे, संध्याकाळी वा सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या औपचारिक शिक्षणाला अंशकालीन शिक्षण म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्याची परंपरा विद्यापीठांपेक्षाही जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्यालाही शिकायचे असते, परंतु शाळेची वेळ नेमकी त्याच्या कामाच्या वेळेवर येते, हे त्या दांपत्याने ओळखले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तास आटोपून विद्यार्थ्यांना कामावर पोचता यावे म्हणून वर्ग सकाळी लवकर भरवले गेले. वेळापत्रक ही वरवर पाहता कार्यालयीन बाब वाटते. पण कोणाला वर्गात बसता येईल आणि कोण बाहेर राहील, हे प्रवेशाच्या गुणवत्ता यादीआधीच ते ठरवून टाकते. रोजच्या हजेरीची अट न घालता, अभ्यासपुस्तके आणि अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे यांच्या आधारे शिकवणारे विद्यापीठ म्हणजे मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने हाच विचार खेड्यापाड्यांतील गृहिणी आणि नोकरदारांपर्यंत नेला. श्रेयांक, म्हणजे ठरावीक तासांचा अभ्यास पूर्ण केल्याबद्दल मिळणारे एकक, साठवून ठेवण्याची सोयही २०२१ पासून झाली असल्याने बदली, बाळंतपण किंवा घरातले आजारपण यांमुळे सुटलेले शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागू नये, अशी अपेक्षा आहे.

नियम बदलले, तरी खिडकी बदललेली नाही. परीक्षेचा अर्ज, बोनाफाइड दाखला आणि हॉल तिकीट ज्या खिडकीवर मिळते, ती अनेक महाविद्यालयांत सकाळी अकराला उघडते आणि पाचच्या आत बंद होते. संध्याकाळी सहाच्या तासाला येणाऱ्या विद्यार्थ्याला एका शिक्क्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, आणि रोजंदारीवर असेल तर तेवढी मजुरी बुडते. ग्रंथालयाचीही तीच गत. लोकलमध्ये उभ्याने टिपणे वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या जिद्दीचे कौतुक सगळेच करतात, परंतु त्या कौतुकामागे संस्थेची जबाबदारी झाकली जाते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

अशा विद्यार्थ्यांमुळे वर्गाचेही भले होते. जमाखर्च रोज हाताळणारा लेखनिक करकायदा शिकताना, किंवा रात्रपाळी केलेली परिचारिका समाजशास्त्राचा तास ऐकताना, जे प्रश्न विचारते, ते पाठ्यपुस्तकाच्या पुढचे असतात आणि शिक्षकालाही तयारी करून यायला लावतात. म्हणून त्यांची पदवी दुय्यम मानण्याला कोणताही आधार नाही.

आजच्या स्नातकांपैकी काही जण उद्या विभागप्रमुख, मुख्याध्यापक किंवा कारखान्याचे व्यवस्थापक होतील. हाताखालचा एखादा कर्मचारी परीक्षेसाठी रजेचा अर्ज घेऊन आला, तर तो त्यांनी त्याच दिवशी मंजूर करावा.