मूल बघत असतं



आपली मुलं शाळेत जातात. खरं बोलावं, लबाडी करू नये, असं पुस्तकात वाचतात. घडाघडा म्हणून दाखवतात. पण पाठ झालेलं सगळं अंगी मुरतं का?

साने गुरुजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवीत. वसतिगृहातली मुलंही त्यांच्याच देखरेखीखाली होती. मुलं ती मुलंच! खोलीत केर, अंथरुणं पसरलेली. दुसऱ्या एखाद्या मास्तरांनी छडी घेतली असती. गुरुजींनी केरसुणी घेतली. मुलं नसताना खोल्या झाडाव्या, पसारा आवरावा, आणि बोलू काही नये. मुलांना लाज वाटू लागली. ती आपणहून झाडू लागली. स्वच्छतेवर भाषण दिलं असतं, तर मुलांनी ते ऐकलं असतं आणि केर तिथंच राहिला असता, असं मला वाटतं.

दूर अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोन विद्वानांनी हजारो शाळकरी मुलांची पारख केली. 1928 साली त्यांचं पुस्तक निघालं. फसवाफसवी करता येईल अशी संधी त्यांनी मुलांपुढं मुद्दाम ठेवली होती. तेव्हा दिसलं असं, की एकच मूल इथं प्रामाणिक वागतं आणि तिथं लबाडी करतं. हे पोर चांगलं, ते वाईट, अशी सरळ वाटणी होईना. सोबती कसे वागतात, यावरही पुष्कळ अवलंबून होतं.

आता आपल्या घराकडं वळू. वाणी उधारी मागायला येतो. आपण पोराच्या कानात सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हण." एस्.टी.त बसताना तेरा वर्षांच्या मुलाला बजावतो, "अकरावं चालू आहे असं सांग." अर्धं तिकीट वाचतं. गरिबाला तेवढे पैसेही मोठे, हे मी जाणतो. पण उद्या पोर विचारील, "आई, खोटं बोलू नये असं गुरुजी सांगतात ना?" तेव्हा पुष्कळ जण ओरडतात, "गप बस, शहाणा झालास!" खरं बोलल्याबद्दल मार बसतो, एवढंच मग ते शिकतं.

"आम्ही अडाणी, पोरांना काय शिकवणार?" असं वर्गात कुणी कुणी म्हणतात. अहो, "चुकलं माझं" म्हणायला अक्षर कशाला लागतं? मुलापुढं तसं म्हणून बघा. पुढच्या खेपेला कंडक्टर वय विचारील, तेव्हा ते पोर तुमच्या तोंडाकडं बघत असेल.