सिस्टर, वेळ लिहून ठेवा!

आजचा एपिसोड नर्सिंगवाल्यांसाठी आहे. जीएनएम करताय, बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, किंवा नुकतीच पहिली नोकरी लागलीय आणि नाईट संपवून बसमध्ये हेडफोन लावून बसलाय, त्यांच्यासाठी. ब्रदर लोकांनीपण ऐका, मी सवयीने ‘सिस्टर’ म्हणेन, मनावर घेऊ नका.

आधीच सांगतो, मी नर्स नाही. मी बीटेक केलेला माणूस, कोड लिहितो. मग हा कशाला शिकवतोय आम्हाला? बरोबर प्रश्न आहे. तर झालं असं, की माझी पहिली नोकरी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होती. वॉर्डमध्ये ट्रॉलीवर टॅब असतो ना, ज्यावर पेशंटची औषधं दिसतात आणि दिली की टिक करायची, ती स्क्रीन मी लिहिली होती. आणि माझी मावसबहीण, म्हणजे ताई, जीएनएम आहे, ९ वर्षं वॉर्डमध्ये. तिच्याशी बोलून आणि माझ्या एका चुकीतून जे शिकलो तेवढंच आज सांगणार.

चूक आधी सांगतो.

एका हॉस्पिटलमध्ये आमचं सॉफ्टवेअर सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. संध्याकाळची ड्युटी. एका आजींना जेवणाआधी १४ युनिट इन्सुलिनची ऑर्डर होती. त्या दिवशी आजी नीट जेवत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी ७:२० ला आपल्या केबिनमधून ऑर्डर बदलून ६ युनिट केली. वॉर्डला फोन केला नाही, सिस्टीमवर टाकलं म्हणजे पोचलं असं त्यांना वाटलं. आणि टॅबवर? टॅब ७:०४ ला उघडलेला होता आणि माझी स्क्रीन स्वतःहून रिफ्रेश होत नव्हती. उघडताना जे आलं तेच दिसत राहायचं. ७:४० ला सिस्टरने बघितलं, १४ दिसले, १४ दिले.

साडेनऊच्या सुमारास आजींना दरदरून घाम. शुगर काढली तर ५२. आजी शुद्धीवर होत्या, साखरेचं पाणी दिलं, १५ मिनिटांनी परत शुगर काढली, ८४. डॉक्टर आले, रात्रभर लक्ष ठेवलं, आजी सुखरूप घरी गेल्या. देवाची कृपा म्हणा किंवा त्या सिस्टरचं लक्ष म्हणा, मी दुसरं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला मेमो. ‘बदललेली ऑर्डर पाळली नाही.’ कारण आता सिस्टीममध्ये बघितलं तर ६ युनिट, वेळ ७:२०. आणि हिने ७:४० ला १४ दिलेले. कागदावर सरळ तिची चूक. हॉस्पिटलने आम्हाला फोन केला, तेव्हा कॉलवर मी काय म्हणालो माहितेय? “यूजर एरर असेल.” लॉग न बघता. हे वाक्य मी बोललोय, ते परत घेता येत नाही.

पण त्या सिस्टरची एक सवय होती. टॅबवर टिक करूनसुद्धा ती नर्सेस नोट्समध्ये एक ओळ हाताने लिहायची. त्या दिवशीची ओळ अशी होती: ‘सायं. ७:४०, जेवणापूर्वी शुगर २१०, टॅबवर ऑर्डर १४ युनिट, पोटावर त्वचेखाली दिले, सही.’ ‘टॅबवर ऑर्डर १४ युनिट’ हे शब्द महत्त्वाचे. तिच्या इनचार्जने त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवला आणि लिहिलं, स्टाफ खोटं लिहीत नाही, तुमचं बघा. मग मी लॉग काढले. टॅबने सर्व्हरला शेवटचं विचारलं होतं ७:०४ ला. म्हणजे तिला १४च दिसले होते. शंभर टक्के.

आम्ही दुरुस्ती केली. रिलीज नोटमध्ये मी लिहिलं, ‘स्क्रीन रिफ्रेशची किरकोळ समस्या सोडवली.’ किरकोळ! मेमो मागे घेतला गेला, तोही तोंडी, तीन आठवड्यांनी. मी नंतर अपडेट टाकायला त्या वॉर्डमध्ये गेलो, तिला भेटलो, सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “सर, ते जाऊ द्या. रात्री नेट गेलं की यात काय दिसतं, जुनं की कोरं, तेवढं सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं त्या स्क्रीनवर काम करून हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि तिला पहिल्या भेटीत सुचला.

तर पहिला मुद्दा यातूनच. नोट्स लिहिताना ‘औषध दिले, पेशंट स्थिर’ एवढंच लिहू नका. वेळ लिहा, काय बघितलं ते लिहा, आकडा लिहा, कोणाला कळवलं आणि ते काय म्हणाले ते लिहा. ‘डॉ. ना कळवले’ यापेक्षा ‘रात्री २:१० ला ड्युटी डॉक्टरांना फोन, बीपी सांगितलं, येतो म्हणाले’ हे कितीतरी चांगलं. ड्युटी संपताना एकदम सगळं आठवून लिहिलेलं आणि त्या त्या वेळी लिहिलेलं, दोन्ही वाचणाऱ्याला लगेच कळतं. खाडाखोड झाली तर व्हाइटनर अजिबात नको. एक रेघ, वर सही, पुढे बरोबर लिहायचं. मला माहितीय, ४० पेशंटला दोन स्टाफ असताना हे सांगणं सोपं आहे. ताई मला हेच ऐकवते. पण तीच म्हणते की निदान इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन आणि रक्त, या चार गोष्टींना वेळ लिहायचीच, बाकी जमेल तसं.

इन्सुलिनवर आलोच आहे तर एक गोष्ट, जी मला ताईने स्वयंपाकघरात दोन सिरिंज समोर ठेवून शिकवली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल एका एमएलला ४० युनिटच्या असतात, पेनमधलं साधारण १०० युनिटचं असतं, आणि १०० च्या व्हायलही मिळतात. सिरिंजही दोन: ४० वाली लाल टोपीची, १०० वाली केशरी टोपीची. आता १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं आणि २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर किती गेलं? अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. अडीच पट! पेनमधून सिरिंजने ओढायची सवय म्हणूनच वाईट. आणि ऑर्डर लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, नुसतं इंग्रजी यू नको. घाईतला यू शून्यासारखा दिसतो, १० चे १०० होतात. डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर विचारा, अंदाज करू नका.

विचारायचं म्हणजे कसं, हा खरा प्रश्न आहे. नवीन स्टाफला रात्री तीनला डॉक्टरांना उठवायची भीती वाटते. ओरडतील. ओरडतातही काही जण. यावर एक पद्धत आहे, एसबीएआर म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून ती हॉस्पिटलमध्ये आली. आत्ता काय झालंय, पेशंटची मागची माहिती काय, तुम्हाला काय वाटतंय, आणि तुम्हाला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. ऐका:

“सर, फीमेल सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ बोलतेय. बेड १२, बीपी ९० बाय ५०, पल्स १२४. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, गेल्या तासात ड्रेनमध्ये ३०० एमएल रक्त आलंय. मला आतून ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोपर्यंत काय सुरू करू?”

वीस सेकंद लागतात. आणि हेच ‘सर, बारा नंबरला बरं वाटत नाहीये’ असं सांगितलं असतं तर? समोरचा कूस बदलून झोपला असता. ‘मला असं वाटतंय’ हे म्हणायला आपल्या नर्सिंग कॉलेजमध्ये फारसं शिकवत नाहीत, असं माझं मत आहे. शिकवायला पाहिजे. पेशंटजवळ आठ तास तुम्ही असता.

फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. “पंधरा की पन्नास, सर? एक-पाच?” असं आकडे सुटे करून विचारा. विमानाचे पायलट हेच करतात, त्यांना कोणी हसत नाही. ओव्हर देता-घेताना शक्य असेल तर बेडजवळ उभं राहून द्या, टेबलवर बसून नको. ड्रिप चालू आहे असं सांगितलेलं असतं आणि जाऊन बघावं तर सुई बाहेर! आणि चूक होता होता वाचली, तरी इन्सिडेंट फॉर्म भरा. आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की आम्ही बसून लिहितो, काय झालं, का झालं. कोणी केलं हे त्यात मुद्दाम नसतं, कारण नाव आलं की पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही. हॉस्पिटलमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी फॉर्म भरला की मेमो येतो. म्हणून लोक भरत नाहीत, आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात होते. यात दोष स्टाफचा नाही.

बरं, आता करिअर.

ताईचं उदाहरण देतो, कारण तिथे आमच्या घराने मार खाल्लाय. जीएनएम तीन वर्षांचं. ताईने पहिली दोन वर्षं एका छोट्या नर्सिंग होममध्ये काम केलं. पगार कमी, पण शिकायला मिळतंय म्हणून. नंतर एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा आहे ना, नॉरसेट, ती द्यायची ठरवली. जीएनएमवाल्यांना त्यासाठी किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो. तिचं नर्सिंग होम २० बेडचं. दोन वर्षं गेली की हो! बीएस्सी नर्सिंग असेल तर ही अट नाही. म्हणून जीएनएमवाल्यांनो, पहिली नोकरी घेताना पगाराबरोबर बेड किती हे विचारा. आणि सोडताना अनुभवाचं पत्र घ्या, त्यात विभाग, तारखा, बेडची संख्या असू द्या. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचे कागद आत्ताच करून ठेवा. आखाती देशात जायचं झालं तर प्रत्येक कागद मूळ संस्थेकडून पडताळला जातो, आणि हॉस्पिटल मधल्या काळात बंद पडलं असेल तर डोकेदुखी.

ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाकडे जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या. ताईच्या एका मैत्रिणीचे कागद एका हॉस्पिटलने अडकवून ठेवले होते, सोडवायला चार महिने लागले आणि तेवढ्यात दुसरी नोकरी गेली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, त्याला सीएनईचे तास लागतात. शेवटच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा वर्षाला थोडे थोडे करा, सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी ड्राइव्हवर टाका.

पगाराबद्दल एक माहिती. खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेससाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने २०१६ मध्ये शिफारस केली की २०० पेक्षा जास्त बेड असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा, आणि ५० पेक्षा कमी बेडच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये असावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली, त्यामुळे प्रत्यक्षात काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण मुलाखतीत पगार बोलताना हा आकडा डोक्यात असू द्या.

पुढे शिकायचं तर जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षं, मग एमएस्सी दोन वर्षं. पण शिकवण्यातच जायचं नसेल तर क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा कोर्स बघा, तो रेसिडेन्सीसारखा आयसीयूतच काम करत होतो. इन्फेक्शन कंट्रोल, डायलिसिस, क्वालिटी हे रस्तेही आहेत. आणि माझ्या स्वार्थाचं सांगतो, हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये या. कोडिंग यायची गरज नाही. आमच्या टीममध्ये एक जरी नर्स असती तर नेट गेल्यावर काय दिसतं हा प्रश्न पहिल्या आठवड्यात आला असता.

परदेशाचं थोडक्यात. यूकेला आयएल्ट्समध्ये वाचणं, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. ओईटी दिली तर बी, लिहिण्यात सी प्लस चालतो. ओईटीमध्ये पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं, त्यामुळे वॉर्डवाल्यांना ती जवळची वाटते. जर्मनीला साधारण बी-२ पातळीची जर्मन हवी. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंगही आहे. नाईट ड्युटी करत भाषा शिकणं म्हणजे काय ते मी ताईचं बघतोय. सध्या ती बी-१ ला आहे आणि फ्रिजवर सगळीकडे डेर-डी-दासच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. कोणी एजंट ‘भाषेशिवाय पाठवतो, दोन लाख द्या’ म्हणाला तर फोन ठेवा.

पुढच्या भागात ताई स्वतः येतेय, तिची नाईट नसेल तर. तुमच्या वॉर्डमधल्या टॅबवर नेट गेल्यावर काय दिसतं, ते बघून मला व्हॉइस नोट पाठवा. मी खरंच गोळा करतोय. हॉस्पिटलचं नाव सांगू नका, फक्त काय दिसतं आणि किती वाजता, एवढंच.