विजेचे अंदाज आणि त्यांचा हिशेब



मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नव्हे. कामगार संघटनेत वेतनकरारांचे मसुदे वाचता वाचता जे शिक्षण झाले, तेवढेच माझ्या गाठीशी आहे. परंतु त्या वाचनाने एक सवय लावली. कागदावर आकडा दिसला, की तो कोणी दिला, कशाच्या आधारे दिला आणि तो चुकला तर भुर्दंड कोणास, हे विचारल्यावाचून पुढे जावयाचे नाही. सूर्य आणि वारा यांपासून पुढे किती वीज होणार, याविषयी सरकारी दप्तरांतून जे आकडे निघतात, त्यांस हेच तीन प्रश्न विचारावेत, एवढाच आजचा माझा विषय.

प्रारंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. देशातील अगदी पहिल्या पवनचक्क्यांपैकी काही १९८६ च्या सुमारास आपल्या देवगडास उभ्या राहिल्या. एकेक चक्की अवघी ५५ किलोवॅटची. समुद्रकाठी वारा मुबलक. तेव्हा हा धंदा येथेच वाढणार, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात तो वाढला साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर आणि धुळ्याकडे.

पुढे २०१५ साली राज्य सरकारने धोरण जाहीर केले, की पाच वर्षांत वाऱ्याची आणखी ५,००० मेगावॅट क्षमता उभी राहील. त्या वेळी राज्यात सुमारे ४,४५० मेगावॅट होती. २०२० साली ती सुमारे ५,००० झाली. म्हणजे पाच हजारांच्या ठिकाणी साडेपाचशेची भर! मग २०२० साली नवे धोरण आले आणि त्यात मार्च २०२५ पर्यंत आणखी २,५०० मेगावॅट मांडले गेले. भर पडली तीनशेहूनही कमी.

वारा पडला होता काय? वारा तोच होता; वीज खरेदीची रीत बदलली. पूर्वी नियामक आयोग दर ठरवून देत असे. २०१७ पासून लिलाव सुरू झाले आणि कमी दर सांगेल त्याला काम मिळू लागले. साऱ्या देशात २०१६-१७ साली सुमारे ५,५०० मेगावॅटच्या चक्क्या लागल्या होत्या; पुढच्याच वर्षी दोन हजारही लागल्या नाहीत. आराखडा करणाऱ्यांनी वारा मोजला, करार मोजले नाहीत. कामगारांच्या भाषेत सांगावयाचे, तर कारखान्यातील यंत्रे मोजली आणि मागणीची वही उघडलीच नाही.

आता उन्हाकडे वळू. २०१० साली केंद्राने ठरविले, की २०२२ पर्यंत सूर्यापासून २०,००० मेगावॅट. तो पल्ला २०१८ च्या आरंभीच गाठला गेला. मध्यंतरी, २०१५ साली, तोच आकडा पाचपट करून एक लाख केला होता. २०२२ अखेर झाले सुमारे ६३,०००. लाखाचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला. त्या लाखात घरांच्या व कारखान्यांच्या छपरांवर ४०,००० व्हावयाचे होते. तेथे मुदतीअखेर सात-आठ हजारच झाले. मोठी कंपनी माळरानावर एका करारात शेकडो मेगावॅट उभारते. छप्पर ही घरमालकाची बाब. तेथे कर्ज हवे, मीटर हवा, आणि कोकणातल्या सामायिक घरात तर मुंबईस राहणाऱ्या दहा भाऊबंदांची संमतीही हवी.

सरकारे फुगवूनच सांगतात, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची चूक नेमकी उलट होती. दर साली सौरविजेत पडणारी भर यापुढे फारशी वाढणार नाही, असे ती वर्षानुवर्षे मांडीत राहिली आणि ती भर दर वर्षी वाढतच गेली. २०१० नंतरच्या दहा वर्षांत सौरपट्ट्यांची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली, ही गोष्ट तिच्या हिशेबात पुरती बसली नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अंदाज म्हणजे काय होईल ते. उद्दिष्ट म्हणजे काय व्हावे ते. उद्दिष्ट मोठे असावे, त्यात पाप नाही. लाखाचे बोलले म्हणून त्रेसष्ट हजार तरी झाले, असे म्हणता येईल. परंतु उद्दिष्टाला अंदाजाचा सदरा घालून त्यावर कर्जे काढली, तारा ओढल्या, मुलांना त्या कामाचे शिक्षण दिले, की चुकीची किंमत भलताच माणूस मोजतो. दाभोळचा प्रकल्प आठवा. ती वीज सूर्याची नव्हती. पण धडा तोच. विजेची मागणी भरघोस वाढेल, या अंदाजावर करार झाला. वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागे. सिटू ही कामगार संघटना व अभय मेहता यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९६ साली ती याचिका फेटाळली गेली. प्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली वीज मंडळाने वीज घेणे थांबविले. अंदाज करणाऱ्यांपैकी कोणाचा पगार कापला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बंदरात तीन नंबरचा बावटा चढला, की होडी काढावी की नाही, हे तांडेलास ठरवावे लागते. तो इशारा खरा की खोटा, हे दुसऱ्या सकाळी साऱ्या किनाऱ्यास कळते. असा रोजचा पडताळा होतो, म्हणूनच हवामानखात्यास आपले काम सुधारावे लागले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा इशारा आधी पोहोचला होता. विजेच्या आराखड्याचे तसे होत नाही. २०१० चा आकडा मुदतीपूर्वीच २०१५ साली बदलला. २०२२ ची मुदत संपण्यास वर्ष असतानाच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, २०३० साठी पाच लाख मेगावॅटचा नवा आकडा जाहीर झाला. जुन्या वहीची बेरीज होण्याआधीच नवी वही उघडली जाते.

म्हणून मागणी अशी, की प्रत्येक नव्या आराखड्याच्या पहिल्या पानावर मागच्या आराखड्याचा ताळेबंद छापावा : काय सांगितले, काय झाले, का चुकले. दुसरे, मेगावॅटबरोबर युनिटेही सांगावीत. देशाच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-वायूवाचून चालणारी झाली, असे २०२५ साली जाहीर झाले, ते खरे आहे. परंतु रात्री ऊन नसते, त्यामुळे वर्षभरात मिळणाऱ्या विजेत तिचा वाटा निम्म्याहून पुष्कळच कमी भरतो. तिसरे, अंदाज चुकला तर भार कोणावर, हे आधी लिहून ठेवावे.

हे मागण्यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. दरवाढीचा प्रस्ताव आला, की महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवितो व जाहीर सुनावणी घेतो. त्या प्रस्तावांत पुढील वर्षी किती वीज, कोठून व काय भावाने, याचे अंदाज असतात. ते वाचावेत, मागील वर्षाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत आणि हरकत लेखी द्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते. कागदास मात्र उत्तर द्यावे लागते. बिल आपण भरतो. तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.