मुक्या जिवाची बोली



मी सातवी शिकलेली. भाषण कसले, घरचेच सांगते. मुलाच्या फीसाठी कपिला विकायचे ठरले. गोठ्यात मी अवाक्षर काढले नाही, तरी त्या सांजेला तिने पान्हा चोरला. सासूबाई म्हणाल्या, "तिला कळलं गं!"

मुलाने वाचलेले सांगितले. बर्लिनचा हान्स घोडा खूर आपटून गणिते सोडवी. १९०७ साली फुंगस्ट यांनी दाखवून दिले, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, ते पाहून घोडा थांबे. म्हणजे माझे हातच बोलले असतील! गाय बावरली की पान्हा अडतोच.

सकाळी गिऱ्हाईक आले. मी दाराआड उभी राहिले. कपिलेने तरी नेमके तिकडेच वळून पाहिले.